सुरी कुठून जाणार?

नमस्कार श्रोतेहो.

तोक्योत आम्ही राहायचो तेव्हा शेजारच्या घरात एक आजी एकट्याच राहायच्या. फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्यांनी मला बोलावलं. ओट्यावर ब्रेडचे चार काप मांडलेले, शेजारी वाडगाभर स्ट्रॉबेऱ्या. मला वाटलं, आता क्रीम लावायला घेतील. पण त्यांनी आधी एका कापावर, ब्रेडला हात न लावता, बोट फिरवलं. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, तिरकं. म्हणाल्या, "सुरी इथून जाणार." मग कुठे एकेक स्ट्रॉबेरी उचलून त्या बोटाच्या रेषेवर मांडायला लागल्या.

आज मी ज्याबद्दल बोलणार आहे, त्या पदार्थाचं सारं मर्म मला त्या सकाळी कळलं. जपानीत त्याला ‘फुरुत्सु सांदो’ म्हणतात. सांदो हे सँडविचचं तिकडच्या तोंडात बसलेलं आखूड रूप. मऊ पांढरा ब्रेड, बेताचं गोड फेटलेलं क्रीम आणि पिकलेलं फळ, एवढंच त्यात असतं. पण कापल्यावर आतून जे दिसतं ते पाहून माणूस क्षणभर खायचं विसरतो. स्ट्रॉबेरीची लाल बदामाकृती, मधोमध तिचा फिकट गाभा आणि भोवती दुधासारखं पांढरं क्रीम. हल्ली तिकडच्या तरुण मुलांनी अशा देखण्या कापासाठी ‘मोएदान’ असा शब्दच रूढ केलाय. जीव जडावा असा छेद, असं म्हणू या.

हा पदार्थ रुजवला तो फळवाल्यांनी. तोक्योच्या निहोनबाशी भागात सेंबिकिया नावाचं दुकान आहे, 1834 सालचं. सेंबिकी नावाच्या खेड्यातला एक माणूस शहरात आला आणि स्वस्तात फळं विकायला बसला, म्हणून दुकानाला गावाचं नाव. त्या काळी फळांना ‘मिझुगाशी’ म्हणत. मिझु म्हणजे पाणी आणि काशी म्हणजे मिठाई, म्हणजे पाण्याची मिठाई! किती नेमका शब्द आहे पाहा. फळ हीच मिठाई मानणाऱ्या या लोकांनी पुढे दुकानातच बसून फळं खायची सोय केली, अशा जागांना फ्रूट पार्लर म्हणू लागले, आणि तिथल्या बशीत हे सँडविच आलं. क्योतोमध्ये याओइसो नावाचं असंच जुनं फळांचं दुकान आहे, 1869 सालचं, आणि तिथलं फळांचं सँडविचही तितकंच नावाजलेलं. पहिलं कुणी केलं, याबद्दल दोन्ही शहरांतली माणसं आपापल्या गावाची बाजू घेतात. आपण त्या वादात नको पडायला. आज जपानमध्ये कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातही ते त्रिकोणी पाकिटात मिळतं. पण घरी केलेल्याची सर त्याला नाही, हे मी दोन्ही खाऊन सांगते आहे.

आता ब्रेड. जपानीत ब्रेडला ‘पान’ म्हणतात. हा शब्द त्यांना पोर्तुगीजांनी दिला, आणि आपला ‘पाव’ही त्याच पोर्तुगीज शब्दातून आलेला. पोर्तुगीज 1510 मध्ये गोव्यात आले आणि 1543 मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले. म्हणजे गोव्याचा पोदेर सकाळी भोंगा वाजवत विकतो तो पाव आणि तोक्योतल्या बेकरीतला पान, ही एकाच घरातली नावं. मला हे कळलं तेव्हा परक्या गावात कुणी नात्यातलं भेटावं तसं वाटलं होतं.

सांदोसाठी लागतो तो ‘शोकुपान’, झाकणाच्या चौकोनी साच्यात भाजलेला दुधाळ ब्रेड. तो इतका मऊ कसा राहतो? त्याची एक युक्ती तुम्हाला ऐकताक्षणी ओळखीची वाटेल. एकूण पिठातलं साधारण पाचवा हिस्सा पीठ घ्यायचं, त्यात तितक्याच वजनाचं उकळतं पाणी ओतून ढवळायचं आणि झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. दुसऱ्या दिवशी हा गोळा उरलेल्या पिठात मळायचा. तिकडे याला ‘युदाने’ म्हणतात. आपण मोदकांसाठी तांदळाच्या पिठीची उकड काढतो, त्यामागचं कारणही हेच. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो, पाणी धरून ठेवतो आणि पारी वळताना तडकत नाही. ब्रेडही तसाच दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत ओलसर राहतो. घरी भाजायचा नसेल तर बेकरीतून ताजा मिल्क ब्रेड आणा, पण त्याच दिवशीचा, आणि न कापलेला मिळाला तर फारच छान. काप दीड सेंटिमीटरचे हवेत. पातळ काप क्रीमच्या ओलाव्याने लिबलिबीत होतो, फार जाड असला तर तोंडात नुसता ब्रेडच येतो.

आणि क्रीम. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण घरोघरी घोटाळा होतो तो इथेच. दुकानात ‘फ्रेश क्रीम’ म्हणून जी छोटी खोकी मिळतात त्यात स्निग्धांश पंचवीस टक्क्यांच्या आसपास असतो. ते भाजीच्या रश्श्यात घालायला उत्तम, पण फेटून उभं राहत नाही, कितीही हात दुखवा. फेटायला निदान तीस टक्के स्निग्धांश लागतो. जपानी घरांत पस्तीस ते सत्तेचाळीस टक्क्यांचं क्रीम वापरतात. तेव्हा पाकीट उलटं करून मागचे बारीक आकडे वाचा. केकवाले वापरतात ते वनस्पती तेलाचं गोड क्रीम पटकन फुलतं, उन्हाळ्यातही टिकतं, हे खरं. पण टाळूला तेलकट थर चिकटतो आणि फळाची चव त्याखाली दबून जाते. मी ते या पदार्थात घालत नाही आणि तुम्हीही घालू नये असं मला मनापासून वाटतं.

दोन सँडविचना दोनशे मिलिलिटर क्रीम पुरतं, त्याला सोळा ते वीस ग्रॅम पिठीसाखर, म्हणजे दोन मोठे चमचे. आपल्या हाताला ही साखर कमी वाटेल. वाटू द्या. गोडी फळाने द्यायची, क्रीमने त्याला फक्त जागा करून द्यायची. एका परातीत बर्फ आणि पाणी घ्या, त्यात स्टीलचं पातेलं ठेवा आणि त्या पातेल्यात क्रीम फेटा. थंडी का हवी? फेटताना हवेचे बुडबुडे क्रीममध्ये शिरतात आणि स्निग्धांशाचे कण एकमेकांना चिकटून त्या बुडबुड्यांभोवती कोंडाळं करतात. कण थंड असतील तरच ते घट्ट राहून बुडबुडा तोलून धरतात. क्रीम कोमट झालं की कण विरघळायला लागतात आणि सगळा डोलारा खाली बसतो.

जपानी बायका क्रीमचा घट्टपणा दहा भागांत मोजतात. सहा भाग, आठ भाग, नऊ भाग. आपल्याकडे सोळा आणे म्हणायचे ना, तसंच. सँडविचला आठ आणि नऊच्या मध्ये हवं. रवी किंवा व्हिस्क वर उचलला की टोक उभं राहतं, पण त्या टोकाची शेंडी किंचित वाकते, तेव्हा आठ भाग झाले. आणखी पाच-सहा फेरे दिले की शेंडी ताठ. तिथे हात थांबला पाहिजे, कारण पुढचा रस्ता आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. क्रीम आधी रवाळ होतं, मग पाणी सुटतं, आणि पातेल्यात लोणी! नुसतं रवाळ झालं असेल तर दोन चमचे पातळ थंड क्रीम घालून हलक्या हाताने कालवा, सावरतं. लोणी आलं तर मात्र ते भाकरीवर घ्या आणि नवं क्रीम उघडा.

क्रीम जास्त वेळ उभं राहावं म्हणून तिकडे पुष्कळ घरांत त्यात पाणी काढलेलं दही मिसळतात. ‘मिझुकिरी योगुरुतो’ म्हणतात त्याला. म्हणजे आपला चक्काच. आपण तर दही टांगायला कुणाकडून शिकायला नको. आंबट नसलेला चक्का पुरणयंत्रातून काढून, दोन मोठे चमचे, फेटलेल्या क्रीममध्ये मिसळा. क्रीमला अंग येतं आणि जिभेवर एक हलकी आंबूस चव राहते, स्ट्रॉबेरीला ती फार शोभते.

फळं. जपानमध्ये स्ट्रॉबेरीचा मोसम डिसेंबरपासून मेपर्यंत, हरितगृहांमुळे. फुकुओकाची ‘आमाओ’ नावाची जात आहे. लाल, गोल, मोठी, चवदार या चार जपानी शब्दांच्या आद्याक्षरांचं हे नाव. आपल्याकडे महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी साधारण त्याच थंडीच्या दिवसांत येते, तेव्हा हिवाळ्यात दुसरं काही शोधू नका. द्राक्षांच्या दिवसांत नाशिकची बिनबियांची हिरवी द्राक्षं अख्खी घाला. तिकडे ‘शाइन मस्कॅट’ची द्राक्षं अशीच सालासकट घालतात. संत्र्याच्या फोडी पांढरा पापुद्रा काढून. किवी आणि अननस क्रीममध्ये फार वेळ ठेवू नका. त्यांच्यातली एन्झाइमं दुधातली प्रथिनं फोडतात आणि क्रीम कडवट लागायला लागतं. ती घातली तर लगेच खा.

आणि आंबा. जपानच्या मियाझाकी भागात आंब्याच्या प्रत्येक फळाला झाडावरच जाळी बांधतात, आणि फळ पिकून आपोआप देठातून सुटून त्या जाळीत पडेपर्यंत हात लावत नाहीत. कोकणात झेल्याने तयार आंबा उतरवून अढीत पिकवतात, तिथल्या माणसाला हे ऐकून नवल वाटेल. पण दोघांची आंब्यावरची माया सारखीच. सांदोसाठी हापूस घ्यायचा तर किंचित करकरीत, नुकता पिकलेला. फार मऊ झालेला रसाला ठेवा.

कुठलंही फळ असो, ते कोरडं पाहिजे. धुवा, निथळा, मग स्वच्छ पंच्यावर एकेक फळ टिपून घ्या. आंब्याच्या फोडी तर दोनदा टिपा. ओलं फळ क्रीमला पाणी सोडायला लावतं आणि कापताना फळ निसटून बाहेर येतं.

आता पुन्हा आजींच्या ओट्याशी येऊ. ब्रेडच्या कापावर क्रीमचा पातळ थर. कर्णाच्या रेषेवर तीन स्ट्रॉबेऱ्या, सगळ्यात मोठी मधोमध, सगळ्यांची टोकं रेषेच्याच दिशेने, म्हणजे सुरी प्रत्येकीच्या बरोबर मधून उभी जाते. उरलेल्या दोन कोपऱ्यांकडे एकेक लहान स्ट्रॉबेरी, नाहीतर तिथे पोकळी राहते. मग फळांच्या फटींत क्रीम चमच्याने दाबून भरायचं, मध्ये जास्त, कडेला कमी. वर दुसरा काप ठेवून तळव्याने अलगद दाबायचं. प्लास्टिकच्या पातळ कागदात घट्ट गुंडाळायचं, आणि इथे विसरायचं नाही, त्या कागदावर पेनने तिरकी रेघ मारायची. एकदा गुंडाळलं की कुठला कोपरा कुठला हे कळत नाही. आजी ती रेघ मारायच्या आणि बाजूला छोटं फूल काढायच्या, टोकं कुठल्या दिशेला आहेत त्याची खूण म्हणून.

फ्रिजमध्ये निदान तासभर. या तासात क्रीम घट्ट होतं आणि ब्रेड, फळ, क्रीम एकजीव होतात. मुलं मध्येच दार उघडून बघतील, त्यांना समजावा. मग धारदार सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या. आधी चारी कडा कापा, मग रेघेवरून सुरी पुढे-मागे करत खाली न्या. दाबायचं नाही. प्रत्येक कापानंतर सुरी पुसायची, नाहीतर पहिल्या फळाचा रंग पांढऱ्या क्रीमवर ओढला जातो. कापलेली बाजू वर करून बशीत ठेवा आणि त्याच दिवशी संपवा.

त्या सकाळी मी कडा गोळा करून टाकायला निघाले तेव्हा आजींनी माझा हात धरला. "मिमी," म्हणाल्या, आणि स्वतःच्या कानाला बोट लावलं. जपानीत ब्रेडच्या कडांना ब्रेडचे कान म्हणतात. त्यांनी ते कान तव्यावर लोण्यात परतले, साखर भुरभुरली, कुरकुरीत झाल्यावर कागदाच्या पिशवीत भरले आणि पिशवी माझ्या हातात दिली, माझ्या मुलीसाठी. ती शाळेतून आली तेव्हा पिशवी अजून कोमट होती.