पिकअपचं इंजिन लवकर का बसतं?

मंडळी, सावदा-रावेर पट्ट्यात केळीची कापणी सुरू झाली की शिवारात पिकअप आणि छोटा हत्ती यांची रांग लागते. गाडी तीच, इंजिन तेच. एकाची तीन लाख किलोमीटर हेड न खोलता चालते, दुसऱ्याची दीड लाखात बोअरला, म्हणजे सिलिंडर घासून दुरुस्त करायला येते. दोष मात्र दोघंही नशिबाला आणि कंपनीला देतात.

डिझेल इंजिन मुळात चिवट. हवा सोळा-अठरा पट दाबून इतकी तापवायची की फवारलेलं डिझेल आपोआप पेटावं, असं त्याचं काम. तो दाब सोसायला ब्लॉक, क्रँक, पिस्टन सगळं पेट्रोलपेक्षा दणकट लागतं. ताकदही कमी फेऱ्यांवर मिळते, म्हणून झीज कमी. मग एवढं आयुष्य जातं कुठे? माझ्या मते खानदेशात ते सगळ्यात जास्त धुळीत जातं.

हिशेब करा. अडीच लिटरचं इंजिन २,००० फेऱ्यांवर, जास्तीची हवा आत ढकलणारा टर्बो धरलाच नाही तरी, मिनिटाला २,००० लिटरहून जास्त हवा ओढतं. शेतरस्त्यावर पुढच्या गाडीमागे उडणाऱ्या फुफाट्यातली हवा ही. तिच्यातले सिलिकाचे कण लोखंडापेक्षा कठीण. ते पिस्टनवरची रिंग आणि सिलिंडरची आतली भिंत म्हणजे लायनर, यांच्या मध्ये गेले की ऑइलचा थर भेदून दोन्ही घासत बसतात.

हा होज, म्हणजे हवेची रबरी नळी पाहा. सकाळीच एका पिकअपचा काढून आणलाय. हवेच्या फिल्टरच्या पुढचा, टर्बोकडे जाणारा. आत बोट फिरवतो... दिसतेय ना पांढुरकी पावडर? फिल्टर नवाकोरा आहे, पण क्लिप ढिली होती. दर सर्व्हिसला मेकॅनिकला सांगून इथे एकदा बोट फिरवाच.

दुसरं, रोज फिल्टर काढून पंक्चरवाल्याच्या हवेनं मारणं बंद करा. त्या झोतानं कागदाला बारीक चिरा पडतात, डोळ्यांना दिसत नाहीत. शिवाय थोडा मळलेला फिल्टर नव्यापेक्षा बारीक धूळ अडवतो, कारण साचलेला थरच गाळणीचं काम करतो. वेळ झाली की बदला, मधे उचकू नका.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. भुसावळ-जळगावचा मे महिना पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि आपण रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओततो. त्यातले क्षार आत थर धरतात, उष्णता बाहेर पडत नाही, मग हेड आणि ब्लॉकमधलं सील, म्हणजे हेड गॅसकेट उडतं. कूलंटच वापरा, रेडिएटरच्या झाकणाचं रबर तपासा. कापूस वाहणाऱ्यांनी रेडिएटरच्या जाळीत अडकलेले तंतू इंजिनाच्या बाजूनं, हलक्या धारेनं धुवावेत.

आता बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांतल्या गाडीवाल्यांसाठी. १ एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ती काजळी जाळायला सायलेन्सर सलग तापावा लागतो. मळा ते पॅकहाऊस, चार किलोमीटर आणि बंद, यात ते काम अर्धवट राहतं. बऱ्याच इंजिनांत काजळी जाळायला जास्तीचं डिझेल सोडलं जातं, आणि त्यातलं थोडं रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल मोजायच्या गेजपट्टीवर ऑइल वाढलेलं दिसलं तर ते डिझेल समजा. पातळ ऑइलवर बेअरिंग टिकत नाही. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला की धुळ्याच्या हायवेला पंधरा-वीस मिनिटं एकसारखी चालवा. तरी विझला नाही तर वर्कशॉप गाठा. डीपीएफ कापून टाकणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडे कृपा करून जाऊ नका. ते बेकायदा आहे आणि तो धूर आपल्याच गावातली पोरं खातात.

मघाशी एका दादांनी जुनी पिकअप घेताना काय पाहायचं ते विचारलं. दादा, गाडी गरम होऊ द्या, न्यूट्रलवर चालू ठेवा आणि ऑइलचं झाकण सैल करा. थोडी वाफ चालते. भकाभक धूर येऊन झाकण उडायला लागलं, तर रिंग गेल्यात. मग इंजिनकामाचे पैसे किमतीतून वळते करा, नाहीतर दुसरी गाडी बघा.