ध्वजस्तंभ कुठे उभारायचा?

(जुलैच्या पहिल्या आठवड्यात सोलापुरात गृहनिर्माण सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, पत्रिकेवर विषय आहे ‘ध्वजस्तंभ : जागा आणि पाया’. पायाकडे येतोच. आधी एक सांगा, तुमच्या सोसायटीतला स्तंभ आहे तिथेच का उभा आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? हात वर करा. चार. बाकीच्यांकडे तो गेटपाशी असणार, कारण दोन पार्किंगच्या मधे तेवढीच जागा उरली होती. हसताय, म्हणजे खरं आहे!

ध्वजसंहिता २००२ ची. ती म्हणते, ध्वज जिथे लावाल तिथे त्याला सन्मानाचं आणि ठळक स्थान हवं. आपण ‘ठळक’ एवढाच शब्द धरतो आणि रस्त्यावरून दिसेल अशी जागा बघतो. खाली बघून जागा ठरवतो. ध्वजाचा सगळा संसार मात्र वर, वीस फुटांवर असतो. तिथे काय आहे हे कोण बघतं? आज मला एवढंच सांगायचं आहे, पण ते ज्यांनी मला शिकवलं त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

सात वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीने नवा स्तंभ उभारला. गेटच्या उजव्या हाताला, गुलमोहराजवळ. मी बांधकामातला माणूस, त्या बैठकीला हजर होतो आणि मीही मान डोलावली. जूनमध्ये फांद्या छाटल्या होत्या, आभाळ मोकळं दिसत होतं. ध्वजारोहणाचा मान बाईंना द्यायचं ठरलं. आमच्या बाई म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, तेव्हा वय ८१. कडक इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून सव्वासातलाच खाली येऊन बसल्या होत्या. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला विचारलं होतं, “दोरी ओढून बघितलीत का? कप्पीला तेल दिलंत?” दिलं होतं. दोरीचं सगळं चोख होतं.

बाईंनी हिसका दिला, गाठ सुटली, पाकळ्या खाली आल्या. ध्वजात फुलांच्या पाकळ्या ठेवायला संहितेची हरकत नाही, हे जाता जाता सांगतो, कारण दरवर्षी कुणीतरी त्यावर वाद घालतं. तर ध्वज उलगडला, राष्ट्रगीत सुरू झालं, आणि त्याच वेळी चार मजली इमारतीला वळसा घालून वारा आला. दोन महिन्यांच्या पावसात गुलमोहर पुन्हा फुटला होता. हिरव्या पट्ट्याचं टोक फांदीत गेलं.

राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं. सगळे सावधान उभे, कुणाला हलता येत नव्हतं. कापड ताणलं जाताना आम्ही सगळे बघत होतो, बाईसुद्धा. ‘जय हे’ संपलं आणि वॉचमन कंपाउंडच्या भिंतीवर चढला, पण तोवर कोपरा फाटला होता. फाटका ध्वज लावायचा नसतो. उतरवला. बाईंनी तो स्वतः घडी केला, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली घेऊन, चक्र वर राहील असा. एक शब्द बोलल्या नाहीत. ते दृश्य मला आजही आठवतं, आणि छातीत कळ येते.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, “आमच्या शाळेत हेडमास्तर आधी बांबूला लाल पट्टी बांधून पोरांना अंगणभर फिरवायचे. चार-पाच दिवस, सकाळच्याच वेळी. जिथे पट्टी कशाला न अडकता वाऱ्यावर राहायची, तिथे खड्डा.”

मी अडतीस वर्षं साइटवर काढली, इमारतीच्या आडोशाला वारा भोवरा घेतो हे मला माहीत होतं. भोवऱ्यात ध्वज फडकत नाही, स्तंभाला गुंडाळतो. ऑगस्टमध्ये आपल्याकडे वारा पश्चिमेचा, म्हणजे इमारतीच्या पूर्वेला चिकटून स्तंभ लावला की झालंच. माहीत असूनही मी बांबू फिरवला नाही.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. मग भराभर सांगतो, लिहून घ्या.

१८०० गुणिले १२०० मिलिमीटरचा ध्वज म्हणजे जवळजवळ सहा फूट बाय चार फूट. स्तंभाभोवती सगळीकडून आठ फूट मोकळे हवेत, आणि झाडाची दोन वर्षांची वाढ धरून.

विजेच्या तारा. स्तंभाची पूर्ण लांबी आणि वर थोडं, एवढं अंतर सोडाच. उभा करताना लोखंडी खांब तारेला लागून माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. यात तडजोड नको. खांबाला अर्थिंगही करून घ्या.

ऊन. सकाळी आठला सूर्य पूर्वेकडे असतो. स्तंभ अंगणाच्या पश्चिम बाजूला असेल तर लोकांच्या पाठीला ऊन येतं आणि लहान मुलांना डोळे न मिचकावता वर बघता येतं.

जुलै २०२२ पासून उघड्यावर किंवा घरावर ध्वज रात्रीही ठेवता येतो. दर संध्याकाळी उतरवणार नसाल, तर झाड आणि वारा यांचा विचार वर्षभराचा करावा लागेल. फाटतोय का, हे रोज कोण बघणार, त्याचं नाव आधी ठरवा.

पाया. उंचीचा दहावा भाग जमिनीत, हा किमान हिशेब. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब कलतो, म्हणून मुरूम लागेपर्यंत खणा. खणण्याआधी पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन कुठून गेली आहे ते प्लंबरला विचारा, नकाशावर विसंबू नका.

काँक्रीटला पुरती ताकद यायला २८ दिवस धरतात. १५ ऑगस्टपासून मागे मोजा, १८ जुलै येते. त्याआधी निदान तीन सकाळी बांबू फिरायला हवा. बांबू मी आणला आहे, बाहेर गाडीला बांधलाय. पट्टी बाईंच्याच जुन्या लुगड्याच्या लाल काठाची आहे. ज्यांचं काम आधी निघणार आहे त्यांनी आज घेऊन जा, आणि झालं की पुढच्या सोसायटीला द्या.