बंदी गाण्यावर होती की श्वासावर?

नमस्कार श्रोतेहो. आज करोनाच्या काळात गाण्यावर आलेल्या बंदीबद्दल बोलायचंय, पण गाणं लावणार नाहीये, आधीच सांगून ठेवतो, नाहीतर वाट बघत बसाल आणि मग मला शिव्या द्याल.

तारीख 10 मार्च 2020, मंगळवार. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात माउंट व्हर्नन म्हणून गाव आहे, तिथली स्कॅजिट व्हॅली कोराल ही हौशी गाणाऱ्यांची मंडळी एका चर्चच्या हॉलमध्ये तालमीला जमली. एरवी शंभराच्या वर लोक यायचे, त्या दिवशी 61 आले, कारण करोनाच्या बातम्या सुरू झाल्या होत्या आणि थोडी धाकधूक होतीच. सरकारी बंदी काही नव्हती. तरी लोक काळजी घेत होते बरं का, दारात सॅनिटायझर ठेवलेलं, कुणी कुणाला मिठी मारत नव्हतं, हात मिळवत नव्हतं. अडीच तास गायले, मध्ये थोडं खाल्लं, खुर्च्या उचलून ठेवल्या आणि घरी गेले. पुढच्या काही दिवसांत त्यातले 53 जण आजारी निघाले, म्हणजे टेस्टमध्ये सापडलेले 33 आणि लक्षणांवरून धरलेले 20. दोघं गेले.

हात धुतले होते सगळ्यांनी, पण खेळ हाताचा नव्हताच, तो हवेचा होता, आणि हे तेव्हा कुणाला नीट माहीत नव्हतं. गाताना माणूस खोल श्वास घेतो, जोरात सोडतो, आणि नुसतं बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त बारीक थेंब हवेत जातात, बंद खोलीत ते तरंगत राहतात. म्हणजे बघा, ज्या श्वासावर प्रार्थना चालते, ज्याच्यावर गाणं चालतं, ज्याच्या जोरावर आपण सरकारला चार शब्द सुनावतो, त्याच श्वासावर बसून व्हायरसही निघाला होता. पुढची दोन वर्षं जी भांडणं झाली ना, गाणं विरुद्ध नियम, देव विरुद्ध सरकार, त्यांची मुळं या एकाच गोष्टीत आहेत.

मला त्या सगळ्या गोंधळात एक फरक फार महत्त्वाचा वाटतो आणि तो लोकांनी सर्रास नजरेआड केला. “या बंद खोलीत इतक्या जणांनी मिळून गाऊ नका” हे एक झालं, आणि “हे शब्द गाऊ नका” हे दुसरं. पहिल्यात तुमच्या श्वासावर बंदी आहे, दुसऱ्यात तुमच्या म्हणण्यावर. दोन्ही चुकीच्या असू शकतात, नाही असं नाही, पण एकाच तराजूत घालून चालत नाही.

आता कॅलिफोर्नियाचं घ्या. जुलै 2020 मध्ये राज्याने प्रार्थनास्थळांत गाणं आणि सामूहिक पठण बंद केलं. लगेच शॉन फॉइट नावाचा एक भक्तिगीतं गाणारा गायक सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर लोक जमवून गायला लागला आणि पुढे गावोगावी तसेच मोठमोठे मेळावे घेत सुटला, म्हणणं असं की आमचा धर्म दाबला जातोय. मला त्याचं बरंचसं पटत नाही, हजारोंची गर्दी जमवायची आणि वर आपणच पीडित म्हणायचं. पण दुसऱ्याच एका चर्चची या बंदीविरुद्धची केस कोर्टात गेल्यावर एक मुद्दा निघाला तो मात्र टाळता येत नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने चर्चमध्ये आत जमण्यावरची सरसकट बंदी उठवली, गाण्यावरची तेवढी तूर्त ठेवली. पण तिथल्या एका न्यायाधीश बाई, एमी कोनी बॅरेट, यांनी साधारण असं लिहिलं की जर गायिकेला हॉलिवूडच्या स्टुडिओत गाता येत असेल आणि स्वतःच्या चर्चमध्ये नाही, तर मग हा नियम सगळ्यांना सारखा कसा म्हणायचा?

तीच गंमत इंग्लंडमध्ये, आणि तिथे तर देवाचाही संबंध नव्हता! मे 2021 मध्ये नियम सैल होतायत म्हणून हौशी कॉयरवाले, म्हणजे मिळून गाणारे गट, खुश होऊन तालमी ठरवून बसले, आणि ऐनवेळी सरकारी सूचना आली की इनडोअर फक्त सहा जणांनी गायचं. आणि पैसे घेऊन गाणाऱ्या व्यावसायिक गायकांना? त्यांना सूट. म्हणजे व्हायरस आधी मानधनाची पावती बघतो की काय! विज्ञान बरोबर असतं हो, पण नियम लिहिताना कुणाची ओळख, कुणाचा धंदा, कुणाचा वट हे मध्ये घुसतं आणि मग लोकांना त्या विज्ञानावरही संशय यायला लागतो, आणि एकदा तो आला की मास्कपासून लशीपर्यंत सगळंच त्या संशयात सापडतं.

मोठ्या स्टार लोकांबद्दल मी फार वेळ घालवणार नाही. नॉर्दर्न आयर्लंडचा गायक व्हॅन मॉरिसनने 2020 मध्ये लॉकडाऊनच्या विरोधात गाणी काढली, नंतर गिटारवादक एरिक क्लॅप्टनही त्याच्या सोबतीला आला. तिथले तेव्हाचे आरोग्यमंत्री रॉबिन स्वान यांनी ती धोकादायक आहेत म्हणून जाहीर लेख लिहिला, तर इकडे ओरडा सुरू, आमचा आवाज दाबला. अहो, गाणी बाजारात आली, लोकांनी ऐकली, कुणी दाबलं? मंत्र्याने टीका करणं म्हणजे बंदी नव्हे, जरी मंत्र्याचा शब्द तुमच्याआमच्यापेक्षा जड असतो हे मान्य. लाइव्ह कार्यक्रम बंद झाल्यावर साध्या वादकांची पोटं मारली गेली हे दुःख मात्र खरं होतं, ते या दोघांच्या रागापेक्षा कितीतरी मोठं होतं, पण त्याला मायक्रोफोन नव्हता. क्लॅप्टनचं गिटार मला अजूनही आवडतं, मतं त्याची त्याला लखलाभ.

उलट बाजूने जानेवारी 2022 मध्ये गायक नील यंगने आपली गाणी स्पॉटिफाय या गाणी ऐकायच्या ॲपवरून काढायला लावली, लशीबद्दल चुकीचं पसरवणारा जो रोगनचा पॉडकास्ट तिथे आहे म्हणून, आणि मागोमाग गायिका जोनी मिशेलनेही. ही दोघं कॅनडातली आणि दोघांनाही लहानपणी पोलिओ झाला होता, हे कळल्यावर मला त्यांचा राग जरा वेगळा दिसायला लागला. यातही बंदी कुणावर नाही. आपला माल त्या दुकानात नको, एवढंच त्यांनी म्हटलं.

आता शब्दांवरच्या बंदीकडे येतो.

20 मे 2020, तुर्कस्तानातलं इझमीर शहर. रमजानचे शेवटचे दिवस, मशिदी सामूहिक नमाजाला बंद, आणि एका संध्याकाळी काही मिनारांच्या लाउडस्पीकरमधून अजानच्या जागी इटलीतलं एक जुनं फॅसिस्टविरोधी गाणं वाजायला लागलं! कुणीतरी सिस्टिम हॅक केली होती. श्रद्धाळू माणसाला ते लागणार हे उघड आहे, आणि हॅक करणाऱ्याला पकडा म्हणणं मी समजू शकतो. पण अटक झाली ती विरोधी पक्षाच्या एका स्थानिक बाईंना, त्यांनी त्याचा व्हिडिओ सोशल मीडियावर टाकला म्हणून, आरोप धार्मिक मूल्यांचा अपमान. पुढच्या वर्षी तिथले निर्बंध उठले, एक सोडून. रात्री बारानंतर संगीत बंद. राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांनी कारण दिलं की रात्री कुणाला त्रास द्यायचा हक्क कुणालाच नाही. आता यात साथ कुठे आली, सांगा बरं? व्हायरस काय बारा वाजले की जागा होतो?

श्रद्धा स्वतःचे शब्द बदलायला तयारच नसते असं मात्र समजू नका. मार्च 2020 मध्ये कुवेतच्या मशिदींतून अजान झाली तेव्हा “नमाजला या” याच्याऐवजी “घरीच नमाज पढा” असं पुकारलं गेलं. ऐकणारे दचकले, पण हे काही सरकारी कारकुनाने बनवलेलं नव्हतं, फार पूर्वी पावसापाण्याच्या, कडाक्याच्या थंडीच्या रात्री असंच पुकारल्याचा दाखला परंपरेतच आहे. ज्यांनी तो शोधून काढला त्यांचं मला कौतुक वाटतं, त्यांना कुठल्या पुलावर जाऊन मेळावा घ्यावा लागला नाही.

आणि त्याच मार्च महिन्यात उत्तर नायजेरियातल्या कानो शहरात याह्या शरीफ-अमीनू नावाच्या बाविशीतल्या गायकाने एक गाणं व्हॉट्सॲपवर पाठवलं. भक्तीचंच गाणं होतं हो, त्याच्या सूफी पंथातल्या एका इमामाची स्तुती. लोकांचं म्हणणं पडलं की स्तुती करता करता त्याने इमामाला प्रेषितांच्या वर नेऊन बसवलं. जमावाने त्याच्या घरच्यांचं घर जाळलं. 10 ऑगस्ट 2020 ला तिथल्या शरिया कोर्टाने त्याला फाशी सुनावली. गाणं ना खोलीत गर्दीने म्हटलेलं, ना त्यातून कुणाला लागण झालेली, मोबाईलवरून गेलेला एक ऑडिओ फक्त, आणि खटल्यात त्याच्या बाजूने वकीलसुद्धा नव्हता. तेच कारण धरून जानेवारी 2021 मध्ये वरच्या कोर्टाने शिक्षा रद्द केली, पण सोडलं नाही, पुन्हा पहिल्यापासून खटला चालवा म्हटलं. 2022 मध्ये अपील कोर्टाने तोच हुकूम कायम ठेवला.

इंग्लंडमधल्या चर्चमध्ये 19 जुलै 2021 पासून लोक परत एकत्र मोकळेपणाने गायला लागले. तोवर कॅलिफोर्नियातही गाणं सुरू झालं होतं. याह्या त्या दिवशीही तुरुंगातच होता, नव्या खटल्याची वाट बघत.