मीटर कोणाच्या नावावर?

दृश्य : सकाळचे सात. घाटकोपरची असल्फा टेकडी. उभ्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना पत्र्याची छपरं, मधेच एका भिंतीवर ओळीनं लावलेले विजेचे मीटर.

निवेदन :
या गल्लीत लाइट बिल भरलं की फेकून देत नाहीत. ते पावतीसकट प्लॅस्टिकच्या पिशवीत जातं, पिशवी रेशनकार्डाच्या फायलीत आणि फाइल कपाटात सगळ्यात वर, पावसाचं पाणी घरात शिरलं तरी भिजणार नाही अशा जागी. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची बिलं इथे घरोघरी निघतील. शाई उडालेली, घडीवर फाटलेली, तरी जपलेली.

आम्ही इथे आलो होतो ते घरखर्चाबद्दल विचारायला. वीज किती महागली, गॅस किती दिवस पुरतो, पंखा रात्रभर चालतो का. लोक भरभरून बोलले. पण कुणाशीही बोला, बोलणं फिरून एकाच प्रश्नाशी यायचं. मीटर कोणाच्या नावावर आहे?

दृश्य : लोखंडी शिडी. वर पोटमाळ्याची खोली. एक पंखा, एक छोटा फ्रिज, खिडकीत वाळत घातलेले शाळेचे गणवेश.

निवेदन :
वरच्या खोलीत चौघांचं कुटुंब भाड्यानं राहतं. खाली घरमालकीण काकू, मागच्या खोलीत आणखी एक भाडेकरू. तीन चुली आणि मीटर एक, काकूंच्या दिवंगत यजमानांच्या नावावर. वरच्या ताईंना लाइट बिल कधी येतच नाही. त्यांना महिन्याचा आकडा तोंडी सांगितला जातो. पंख्याचे इतके, टीव्हीचे इतके, फ्रिज घेतला तेव्हापासून त्याचे वेगळे. मे महिन्यात पाहुणे आले की थोडे वर. ताई म्हणाल्या, "आम्ही किती जाळतो ते आम्हाला माहीतच नाही हो. सांगतील तेवढे द्यायचे."

इथे जरा थांबून हिशेब समजून घ्यावा लागेल, कारण खरं नुकसान या हिशेबातच आहे.

मुंबईत वीज कोणाची घ्यायची हे बरंचसं पत्त्यावर ठरतं. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट, पुढे उपनगरांत अदानी आणि टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. दर मात्र महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो, आणि घरगुती दराला पायऱ्या आहेत. महिन्याच्या पहिल्या 100 युनिटांना सगळ्यात कमी दर. 101 ते 300 साठी त्याहून बराच जास्त. मग 301 ते 500, आणि 500 च्या पुढे सगळ्यात महाग. त्यावर मीटरमागे लागणारा ठरावीक स्थिर आकार, वीज घरापर्यंत आणण्याचा वहन आकार, कधी इंधन समायोजन आकार आणि 16 टक्के वीज शुल्क. जो कमी वापरतो त्याला स्वस्त मिळावं, असा या पायऱ्यांचा हेतू. चांगला हेतू आहे.

पण पायऱ्या मोजल्या जातात मीटरवर, चुलीवर नाही.

समजा, या तिन्ही कुटुंबांनी प्रत्येकी 90 युनिट वापरले. तीन मीटर असते तर तिघांचीही सगळी वीज पहिल्याच पायरीवर बसली असती. एकाच मीटरवर त्याचे 270 होतात. पहिले 100 स्वस्त, उरलेले 170 वरच्या दरानं. एका मीटरमुळे स्थिर आकार एकदाच लागतो हे खरं, पण वरच्या पायरीचा फटका त्याहून मोठा. म्हणजे पंखा, दिवा आणि छोटा फ्रिज एवढ्यावर भागवणारं घर, दोन बेडरूमच्या फ्लॅटच्या दरानं वीज घेतं. हे मला फार टोचतं. गरीब घरासाठी म्हणून ठेवलेली पायरी त्या घराच्या पायाखाली येतच नाही.

दृश्य : काकूंचं घर. काकू फायलीतून एकेक बिल काढून दाखवतात.

निवेदन :
मग काकू ताईंना वेगळं मीटर का घेऊ देत नाहीत? काकू काही वाईट बाई नाहीत. ताईंची धाकटी मुलगी त्यांच्याच घरी जेवते. त्या सरळ म्हणाल्या, "मीटर म्हणजे पुरावा, बाळा. उद्या इथे एसआरए आली तर?"

या एका वाक्यात अर्धी मुंबई आहे. एसआरए म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण. त्याच्या योजनेत घर मिळायचं तर ठरलेल्या तारखेआधीपासून आपण इथे राहत होतो हे दाखवावं लागतं. मोफत घरासाठी ती तारीख 1 जानेवारी 2000, आणि 2011 पर्यंतच्या रहिवाशांना पैसे भरून. तेव्हा कामाला येतात मतदारयादी आणि हीच जुनी लाइट बिलं. काकूंना भीती एकच, की भाडेकरूच्या नावाचा कागद तयार झाला तर उद्या तोही हक्क सांगेल. यजमान गेल्यावर या खोल्यांच्या भाड्यावरच त्यांनी घर चालवलं. ती भीती पोकळ आहे असं मी म्हणणार नाही.

कायदा काय म्हणतो? वीज कायदा, 2003 च्या कलम 43 मध्ये वीज मागण्याचा हक्क जागेच्या मालकाला आहे, तसाच तिथे राहणाऱ्या भोगवटादारालाही. म्हणजे ताईंनाही. पण अर्जाला जागेचे कागद लागतात, ते मालकाकडे, आणि मालकाशी वाकडं घेऊन अकरा महिन्यांच्या करारावरचं घर टिकत नाही.

गॅसचंही तेच. पत्त्याचा पुरावा असलेल्या घरी 14.2 किलोचा सिलिंडर नोंदवून येतो. तो लावला की ताईंच्या शेजारणी कॅलेंडरवर तारीख लिहितात आणि पुढे दिवस मोजतात. ज्यांच्याकडे कागद नाहीत ते शेगडी दुरुस्तीच्या दुकानात छोटी टाकी किलोवर भरून आणतात. किलोमागे महाग, आणि धोकाही मोठा.

दृश्य : गोवंडी. एकमेकींना खेटून उभ्या पुनर्वसन इमारती. दुपारचे बारा, तळमजल्यावर ट्यूबलाइट लागलेली.

निवेदन :
घर मिळाल्यावर काय होतं, ते बघायला आम्ही गोवंडीला गेलो. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड. इथे प्रत्येकाचं मीटर आपापल्या नावावर आहे. पण दोन इमारतींमधलं अंतर काही ठिकाणी जेमतेम 3 मीटर. खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, वारा फिरत नाही. दिवसाढवळ्या दिवा लागतो, पंखा बंद करता येत नाही. क्षयरोगाशी या कोंडलेल्या हवेचा संबंध इथे अभ्यासला गेला आहे. तो आजार मोठा, त्यापुढे बिल छोटं. पण भर दुपारी जळणारा तो दिवा, तोही इमारतीच्या आराखड्यातूनच आलेला खर्च आहे. तो बायकांनी कितीही बटणं बंद केली तरी वाचत नाही.

दृश्य : जिना. बंद लिफ्ट. पाण्याच्या कळशा घेऊन चढणारी दोन मुलं.

निवेदन :
आणि मग कॉमन मीटर. चाळीत जिन्यात एक दिवा असायचा. इथे लिफ्ट आहे, खालच्या टाकीतलं पाणी गच्चीवर चढवणारा पंप आहे, जिन्यातले दिवे आहेत. हे सगळं सोसायटीच्या एका मीटरवर. तिथे वापर मोठा, त्यामुळे बहुतेक युनिट 500 च्या पुढच्या, सगळ्यात महाग पायरीवर. पोटमाळ्यावर तीन चुलींचं झालं तेच इथे अख्ख्या इमारतीचं होतं. काही घरं मेंटेनन्स थकवतात. मग बिल थकतं. आधी लिफ्ट थांबते, मग पंपाची वेळ कमी होते.

चौथ्या मजल्यावरच्या एक आजी गुडघ्यांमुळे खाली उतरत नाहीत. त्यांना आम्ही विजेबद्दल विचारलं, त्या लिफ्टबद्दलच बोलत राहिल्या. ज्यांनी मेंटेनन्स थकवला त्यांच्यावर त्यांचा राग नाही. "कामं सुटली त्यांची," एवढंच म्हणाल्या.

उपाय अजिबातच नाही असं नव्हे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापराच्या सौर पॅनेलसाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. लिफ्ट आणि पंपाचं बिल त्यातून नक्की कमी होऊ शकतं. गोवंडीत एका सोसायटीच्या सेक्रेटरींना हे ठाऊक होतं. ते आम्हाला गच्चीवर घेऊन गेले. टाक्या, डिश अँटेना, आणि शेजारच्या इमारतीची सावली. त्यातही कोपऱ्यात ऊन येणारी जागा आहे, ती त्यांनी पावलांनी मोजून ठेवली आहे. अनुदान सोडून आधी घालायचे बाकीचे पैसे सोसायटीकडे नाहीत.

दृश्य : पुन्हा असल्फा. संध्याकाळ. ताई शिडी चढून वर जातात.

निवेदन :
आमचं पहिल्यांदाचं चित्रीकरण झाल्यावर काकूंनी एक गोष्ट केली. वेगळं मीटर नाही, पण वरच्या खोलीला सबमीटर, म्हणजे मोठ्या मीटरच्या आतच त्या खोलीचा वापर मोजणारा छोटा मीटर, बसवून घेतला. पायऱ्यांचा फायदा त्यानं मिळणार नाही. आपण किती जाळतो, एवढं तरी ताईंना दिसतं. त्या दर एक तारखेला आकडा बघतात आणि कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहितात. पहिल्या महिन्याचे 74 निघाले, दुसऱ्याचे 81. तिसऱ्या महिन्यात काकूंनी स्वतः वर येऊन आकडा पाहिला, आणि फ्रिजचे वेगळे पैसे घेणं थांबवलं.

निघताना ताईंनी विचारलं, "तुमच्या या शूटिंगमध्ये आम्ही इथे राहतो ते दिसतं ना? तारीख पण येते का त्यात?"

तारीख येते. आम्ही त्यांना ती दाखवली.