रुईचं मैदान

(फाटक. झोपाळ्याची करकर.)

पाटीवर नाव वेगळंच आहे. इथल्या पोरांना विचारा, ती म्हणतील, "रुईचं मैदान." दोन झोपाळे, एक घसरगुंडी आणि मागच्या कुंपणाला लागून रुईची झुडपं. ती कुणी लावलेली नाहीत. जमीन सपाट करताना राडारोडा जिथे ढकलला, तिथेच ती उगवली. अशा जागीही रुई तग धरते.

(पान, अगदी जवळून.)

जाड पान, समोरासमोर जोडीनं आलेलं. वर पांढुरकी भुकटी. बोट फिरवलं की बोटाला लागते. देठ मोडला की पांढरा चीक.

(अळी.)

ही प्लेन टायगर फुलपाखराची अळी. काळे-पांढरे पट्टे, त्यावर पिवळे ठिपके, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. ती काय करतेय, नीट बघा. पान खायच्या आधी शीर कुरतडतेय. चीक तिथेच गळून जातो, मग पुढचा तुकडा निवांत खाता येतो. या दृश्यासाठी दोन सकाळी पोटावर पडून काढल्या, तेव्हा जरा वेळ दाखवणारच. पुढे केशरी पंख फुटतात. ते फुलपाखरू चवीला कडू. एकदा अद्दल घडलेला पक्षी सहसा पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही.

(फूल. भुंगा.)

जांभळट फूल, मधोमध पाच कोनांचा मुकुट. रुईचे पराग सुटे नसतात, पुड्या बांधल्यासारखे असतात. मधासाठी आलेल्या या काळ्या भुंग्याच्या पायात ती पुडी अडकते आणि पुढच्या फुलापर्यंत जाते. एवढ्या जड गड्याला पेलायला फूलही तसंच दणकट हवं.

(तडकलेलं बोंड.)

बोंड वाळून तडकलं की खेळ थांबतो. बॅट टाकून सगळे धावतात. "म्हातारी! म्हातारी!" खाली चपटं बी, वर रेशमासारखे केस.

(कापलेले खुंट. तारेची जाळी.)

हा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. इथे एका मुलाचा डोळा सुजला, आणि आठवड्याभरात निम्मी झुडपं कापली गेली. उरलेल्यांना जाळी लावली. चीक लागलेला हात डोळ्याला लावायचा नाही, एवढं पोरांना आधीच सांगता आलं असतं.

(जाळीत अडकलेली एक म्हातारी. एक मुलगी चिमटीनं ती सोडवते, तळव्यावर ठेवते, फुंकर मारते. निवेदन नाही.)