चाहत्यांनो, शुक्रवार सांभाळा

श्रोतेहो, नमस्कार.

सप्टेंबरच्या सुमारास आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागासाठी भारताची ऑस्कर-प्रवेशिका जाहीर होते आणि लगेच वाद पेटतो. अमक्याचा सिनेमा का गेला, तमक्याचा का डावलला? आपल्या इंदूरच्या मराठी घरांतही हा वाद रंगतो, आणि तो रंगावाच. सिनेमावर जीव असल्याशिवाय कोणी एवढं तावातावाने बोलत नाही. फक्त बोलताना नियम हाताशी असले, तर राग योग्य ठिकाणी निघतो.

ही निवड सरकार करत नाही. फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया ही चित्रपटव्यवसायाची संस्था समिती नेमते आणि समिती एकच चित्रपट निवडते. निर्मात्याने अर्ज आणि शुल्क भरलं, तरच चित्रपट समितीपुढे येतो. म्हणून ‘याला डावललं’ म्हणण्याआधी अर्ज केला होता का, एवढं विचारून घ्यावं. ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेतल्या अकादमीच्या अटी तशा सरळ आहेत. लांबी 40 मिनिटांहून जास्त हवी, निम्म्याहून अधिक संवाद इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत हवेत, आणि चित्रपट मुदतीच्या आत अमेरिकेबाहेर, चित्रपटगृहात, तिकीट लावून सलग 7 दिवस चाललेला हवा. ही शेवटची अट लोकांच्या ध्यानात राहत नाही. पायल कपाडियाचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ 2024 साली सप्टेंबरमध्ये आधी केरळात मोजक्या पडद्यांवर लागला आणि बाकी देशात नोव्हेंबरमध्ये आला, तो बहुधा याच हिशेबाने. कान महोत्सवाचा ग्रां प्री मिळवलेला हा चित्रपट समितीने घेतला नाही, ‘लापता लेडीज’ पाठवला. तो अकादमीने निवडलेल्या शेवटच्या पंधरा चित्रपटांत पोचला नाही. त्याच वर्षी त्या पंधरात हिंदी बोलणारा ‘संतोष’ होता, पण तो पाठवला होता ब्रिटनने. या विभागात चित्रपट देशाच्या नावावर जातो, भाषेच्या नाही.

अकादमीकडे पोचल्यावर खरी अडचण सुरू होते. दरवर्षी 80-90 देशांचे चित्रपट येतात. मतदार सदस्य त्यातले काही बघतात, गुप्त मतदानाने 15 निवडतात, मग 5. ज्या चित्रपटाला अमेरिकेत वितरक मिळालेला असतो, ज्याचे खेळ लॉस एंजेलिसला लागतात, ज्याबद्दल तिथली वर्तमानपत्रं लिहितात, तो आधी बघितला जातो. बाकीचे यादीत पडून राहतात. 2013 साली समितीने गुजराती ‘द गुड रोड’ पाठवला आणि ‘द लंचबॉक्स’ मागे ठेवला, तेव्हा ‘लंचबॉक्स’कडे अमेरिकन वितरक होता. माझ्या मते ती निवड चुकली. ‘द गुड रोड’ प्रामाणिक चित्रपट आहे. पण प्रामाणिकपणा मतदाराच्या पडद्यापर्यंत आपोआप पोचत नाही, तो पोचवावा लागतो. अंतिम पाचांत आजवर आपले तीनच गेले: ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’.

मराठीतून भारताची प्रवेशिका म्हणून गेले ते ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’च्या वेळी अमेरिकेतल्या प्रचारासाठी लोकांनी पदरचे पैसे दिले. मराठी प्रेक्षकाने पुरस्कारासाठी केलेली ती सगळ्यात मोलाची भक्ती, कारण पैसा नेमका जिथे कमी पडत होता तिथे गेला.

पण तिघांत श्रेष्ठ कोण विचाराल तर चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’. एका शाहिराच्या गाण्यामुळे गटारकामगाराने जीव दिला, असा आरोप. त्यावर चाललेला खटला. कॅमेरा लांब उभा राहतो, हलत नाही, आपल्याला घाई करू देत नाही. सरकारी वकीलबाई न्यायालयात कलमं वाचतात त्याच सुरात घरी मुलांचं जेवणखाण बघतात. गीतांजली कुलकर्णींनी ते इतकं सहज केलंय की अभिनय दिसतच नाही. शेवट पुन्हा बघा. सुट्टी लागते, न्यायदालनातले दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो. कुठलाही दुसरा दिग्दर्शक तिथे थांबला असता. ताम्हाणे थांबत नाहीत. ते न्यायाधीशांमागे सहलीला जातात. न्यायाधीश बाकावर डुलकी घेतायत, पोरं ओरडून दचकवतात, ते एकाच्या थोबाडीत देतात आणि पुन्हा डोळे मिटतात. निकाल कसा लागत असेल, ते त्या एका थपडीत कळतं. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात 2014 मध्ये या चित्रपटाला ओरिझोंती या नव्या प्रवाहांच्या विभागाचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. ऑस्करच्या यादीत तो पुढे गेला नाही म्हणून त्याची उंची तसूभरही कमी होत नाही.

आता चाहत्यांविषयी. आवडत्या दिग्दर्शकासाठी आयएमडीबी या चित्रपटांना गुण देण्याच्या संकेतस्थळावर दहापैकी दहाचा पाऊस पाडणं आणि प्रतिस्पर्ध्याला एक-एक गुण देणं, यात रात्री घालवणारी मंडळी इंदुरातही आहेत. त्या आकड्यांनी समितीचं किंवा अकादमीचं एकही मत हलत नाही. संकेतस्थळ सरासरी काढताना सगळी मतं सारख्या वजनाने धरत नाही, त्यामुळे ती मेहनत तिथेही अर्धी वाया जाते.

जोर लावायची जागा तिकीटखिडकी आहे. महाराष्ट्रात मल्टिप्लेक्सांना मराठी चित्रपट दाखवण्याचं बंधन आहे; मध्य प्रदेशात ते नाही. इथे मराठी चित्रपटाला एखादाच खेळ मिळतो, तोही बहुधा अडनिड्या वेळी. शुक्रवार ते रविवारची विक्री बघून सोमवारपासून पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक ठरू लागतं. ‘पुढच्या रविवारी निवांत बघू’ म्हणणाऱ्यांसाठी पुढचा रविवार उरत नाही. तिकीट शुक्रवारचं काढा आणि ते आगाऊ काढा, कारण खिडकीवर ऐन वेळी आलेली गर्दी वेळापत्रक ठरवणाऱ्याला उशिरा दिसते.

चित्रपट इंदूरला लागतच नसेल तर सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकांना जसे आपण गटागटाने जातो, तशी चाळीस-पन्नास माणसं गोळा करा. चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकाला लेखी मागणी द्या: चित्रपटाचं नाव, तारीख, वेळ, आणि किती तिकिटांचे पैसे आधी भरणार तो आकडा. आकडा नसलेली मागणी कोणी गंभीरपणे घेत नाही. वितरकालाही त्याच दिवशी कळवा. चित्रपट डिजिटल प्रतीच्या रूपात येतो आणि ती कुलूपबंद असते. ती उघडणारी किल्ली, म्हणजे केडीएम, ठरावीक पडद्यावरच्या ठरावीक यंत्रासाठी आणि ठरावीक तासांपुरतीच बनते. आयत्या वेळी पडदा बदलला तर जुनी किल्ली चालत नाही, आणि भरलेलं सभागृह अंधारात ताटकळत बसतं. म्हणून पडदा आधी नक्की करून घ्या, आणि आदल्या दिवशी किल्ली चालते का ते तपासायला सांगा.

सबटायटल्सची प्रत मागायला विसरू नका. बऱ्याचदा ती वेगळी असते आणि मागितल्याशिवाय येत नाही. ती आली की शेजारचं हिंदी बोलणारं कुटुंबही सोबत येऊ शकतं, आणि पन्नासाची साठ-सत्तर तिकिटं होतात.

नमस्कार.