ती रडली नाही म्हणून

मंडळी, मागे उभे आहात त्यांनी पुढे या, पहिली रांग आपल्याकडे कायम रिकामी असते, आज तरी भरा. आधीच सांगते, मी वकील नाही, पोलीस नाही, मानसशास्त्राची डिग्रीही नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे अकरा वर्षं सिडनीत काढली, तिथे एका डेकेअरमध्ये काम केलं, आणि पहिल्याच महिन्यात जेवणाच्या सुट्टीत कोणाचा तरी डबा सापडत नव्हता तर एक जण म्हणाली, डिंगोने नेला असेल. सगळ्याजणी खो खो हसल्या. मीपण हसले, काही न कळता, नवीन माणूस हसतं तसं. घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं की तो जोक नऊ आठवड्यांच्या एका मुलीवरचा आहे, आणि तिची आई त्याच देशात, हे जोक ऐकत जगतेय. आज तीच गोष्ट सांगणार आहे.

१७ ऑगस्ट १९८०, रविवार. ऑस्ट्रेलियाच्या मधोमध उलुरू नावाचा तो अवाढव्य लाल खडक आहे ना, फोटोत सगळ्यांनी बघितलाय, तेव्हा त्याला एअर्स रॉक म्हणायचे. त्याच्याजवळ तंबू ठोकून राहायची जागा होती. माउंट आयझा या खाणीच्या गावातून मायकल आणि लिंडी चेंबरलेन आपली तीन मुलं घेऊन सुट्टीला आलेले. मायकल सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचा पाद्री. थोरला एडन सहा वर्षांचा, मधला रेगन चारचा, आणि धाकटी अझारिया, जून महिन्यातच जन्मलेली. रात्री आठच्या सुमाराला शेगडीपाशी बाकीच्या प्रवाशांबरोबर जेवणखाण चाललेलं, लिंडी बाळाला निजवायला तंबूकडे गेली, एडनला अजून भूक होती म्हणून परत येताना त्याच्यासाठी बेक्ड बीन्सचा डबा घेऊन आली, आणि मग बाळाचं रडणं ऐकू आलं, शेजारी उभ्या असलेल्या एका बाईनेही ऐकलं. लिंडी बघायला गेली तर तंबूतून डिंगो बाहेर पडतोय. तिने बोंब ठोकली, डिंगोने माझं बाळ नेलं.

डिंगो म्हणजे तिथला रानकुत्रा. दिसायला आपल्या गावातल्या तांबूस कुत्र्यासारखाच, म्हणून तर लोकांना पटेना की हा काय बाळ नेणार. खरं म्हणजे त्या जागेच्या मुख्य रेंजरने आधीच वरच्या ऑफिसला लेखी कळवलं होतं की डिंगो धीट झालेत, एखाद्या लहान मुलावर हल्ला होईल. ती पत्रं फायलीत.

त्या रात्री तीनशेच्या आसपास माणसं बॅटऱ्या घेऊन वाळूत शोधत होती. स्थानिक आदिवासी, आपल्याकडे ज्यांना पागी म्हणायचे तसे माग काढणारे लोक, त्यांना डिंगोचे माग सापडले. जड काहीतरी तोंडात धरून चाललाय, मध्येच ते खाली टेकवलंय, हे ते वाळूवरून वाचू शकत होते. आता हे नीट लक्षात ठेवा, कारण माझं आजचं निम्मं म्हणणं यातच आहे. जे त्या रात्री तिथे होते, शेजारच्या तंबूतले, शेगडीपाशी उभे असलेले, वाळू वाचणारे, त्यांच्यापैकी कोणी लिंडीवर संशय घेत नव्हतं. संशय सुरू झाला तो लांबून, सिडनी मेलबर्नमधल्या दिवाणखान्यात, टीव्हीसमोर. जितकं लांब तितकी खात्री जास्त.

आठवड्याभराने बाळाचे कपडे सापडले, रक्ताळलेले, आणि मग अफवांना ऊत आला. अझारिया नावाचा अर्थ म्हणे रानात दिलेला बळी. प्रत्यक्षात अर्थ आहे देवाने जिला साथ दिली ती. बाप घरात छोटी शवपेटी ठेवतो म्हणे. होती पेटी, तो लोकांची सिगरेट सोडवायचे कार्यक्रम घ्यायचा त्यात दाखवायला. आई बाळाला काळे कपडे घालते म्हणे. बाळाचा एक काळा ड्रेस होता खरा, आता यावर काय बोलायचं, आपण तर पहिल्या संक्रांतीला बाळाला काळं झबलं घालून वर हलव्याचे दागिने घालतो, एखाद्या ऑस्ट्रेलियन पेपरवाल्याला बोरन्हाणाचा फोटो दिला असता तर त्याने काय हेडिंग केलं असतं बघा. (हशा)

आणि सगळ्यात मोठा पुरावा काय, तर ती रडली नाही. टीव्हीवर मुलाखत देताना ती सरळ बघून बोलायची, डिंगोने कपड्यातून बाळ कसं काढलं असेल हे सुद्धा शांतपणे सांगायची. कोर्टात रोज वेगळा ड्रेस घालायची म्हणे. पेपरात ड्रेसचं वर्णन यायचं, कुठल्या रंगाचा, बाह्या कशा. बाई रडली असती तर म्हटले असते नाटक करते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मी एक घरातली गोष्ट सांगते. आमच्या गावच्या जत्रेत माझी भाची हरवली होती, चार वर्षांची, साधारण चाळीस मिनिटं. माझी वहिनी एरवी सिरियल बघून रडणारी बाई, ती एकदम दगडासारखी झाली. माईकवाल्या पोराला एकच गोष्ट परत परत सांगत होती, एकाच पायात पैंजण आहे, डाव्या, उजव्याचं तुटलंय. तो पोरगा म्हणे अहो ताई फ्रॉकचा रंग सांगा, आणि पैंजणाचं काही त्याने माईकवरून सांगितलंच नाही. माझ्या मागे दोन बायका बोलत होत्या ते मी ह्या कानांनी ऐकलंय, बघ कशी उभीये, आई आहे का कोण आहे. पोरगी बांगड्यांच्या दुकानामागे खोक्यावर झोपलेली सापडली, सगळं निभावलं. पण ती सापडली नसती तर त्या दोन बायका आजही गावभर सांगत असत्या की आम्ही तेव्हाच ओळखलं होतं.

परत चेंबरलेनांकडे. पहिली चौकशी कॉरोनर डेनिस बॅरिटसमोर झाली. कॉरोनर म्हणजे मृत्यूचं कारण शोधणारा न्यायाधीश, मुंबईतही पूर्वी असायचा. त्यांनी २० फेब्रुवारी १९८१ ला निकाल चक्क टीव्हीवर लाइव्ह वाचला, अफवा थांबाव्यात म्हणून. डिंगोनेच नेलं, आईबापांचा दोष नाही. फक्त एक जोडलं, की नंतर कपडे कोणा माणसाने हलवले असावेत. झालं. लोकांनी पहिलं वाक्य सोडलं आणि दुसरं धरून ठेवलं.

मग दुसरी चौकशी लागली, तिच्यात लंडनहून एक मोठे तज्ज्ञ आणले गेले, त्यांनी सांगितलं कपडा दाताने फाटलेला नाही, कात्रीने कापलाय, आणि त्यावर रक्ताळलेल्या हाताचा ठसा दिसतो. गाडीत रक्त सापडलं, तेही तान्ह्या बाळाचंच. आता तान्ह्या बाळाच्या रक्तात काही महिने एक वेगळं हिमोग्लोबिन असतं, हे खरंय, पण गाडीत डॅशबोर्डखाली उडालेलं जे रक्त म्हणून दाखवलं ते पुढे काय निघालं माहितीये? आवाज कमी यावा म्हणून गाडीच्या फॅक्टरीत मारलेला डांबरी स्प्रे. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाड्यांतही तसाच सापडला. लॅबमधल्या तपासणीच्या प्लेट्स तोवर नेहमीच्या पद्धतीने टाकून दिल्या होत्या, म्हणजे बचावाच्या वकिलाने परत बघू म्हटलं तर बघायला काही उरलंच नव्हतं.

खटला डार्विनला चालला, उलुरूपासून दीड दोन हजार किलोमीटर लांब. सरकारी वकिलाची कहाणी अशी की दहाएक मिनिटांत आईने बाळाला गाडीत नेऊन गळा चिरला, प्रेत लपवलं, आवरलं, आणि हातात बीन्सचा डबा घेऊन शेगडीपाशी परत आली. का मारलं? तर कारण आम्ही सांगत नाही, सांगायची गरज नाही असं सरकारनेच म्हटलं. कोर्टाबाहेर डिंगो निर्दोष आहे असं छापलेले टीशर्ट घालून लोक उभे. आरोपी बाई पुढच्या बाळाच्या वेळी आठव्या महिन्यात. २९ ऑक्टोबर १९८२, जन्मठेप. नवऱ्याला मदत केल्याबद्दल दीड वर्षाची शिक्षा, ती स्थगित. नोव्हेंबरमध्ये लिंडीला मुलगी झाली, काहलिया, आणि जन्मल्या जन्मल्या तिच्यापासून काढून घेतली. अपिलं फेटाळली गेली, १९८४ ला सर्वोच्च पातळीवर सुद्धा, तीन विरुद्ध दोन.

आता त्या जॅकेटबद्दल. लिंडी पहिल्या रात्रीपासून सांगत होती की बाळाच्या अंगात इतर कपड्यांवरून एक लोकरीचं जॅकेट होतं, पांढरं, कडेला फिकट लिंबू रंग. आपल्याकडे आजी विणते तसं, समोरून उघडं. बाकी सगळे कपडे सापडले, जॅकेट नाही. सरकारी बाजूचा प्रश्न होता की कपड्यावर डिंगोची लाळ का नाही? ती म्हणायची, कारण वरून जॅकेट होतं. ते म्हणायचे जॅकेट नव्हतंच, ही बनवते. साडेपाच वर्षं ती हेच सांगत राहिली, त्यातली तीनेक तुरुंगात.

१९८६ च्या सुरुवातीला एक इंग्लिश प्रवासी उलुरू चढताना पडून मेला. त्याला शोधायला पोलीस गेले आणि डिंगोंच्या बिळांजवळच्या भागात, मातीत अर्धवट गाडलेलं ते जॅकेट त्यांना दिसलं. ती म्हणत होती तसंच. काही दिवसांत, ७ फेब्रुवारीला, लिंडी बाहेर आली. मग न्यायमूर्ती मॉरलिंग यांचा आयोग बसला, त्यांनी कात्री, ठसा, रक्त सगळं एकेक करून उलगडलं, आणि १९८८ च्या सप्टेंबरमध्ये दोघांची शिक्षा रद्द झाली. मला याचं आजही वाईट वाटतं की एका अनोळखी माणसाचा कडा चुकला नसता तर काय झालं असतं. तिच्या बोलण्यात तपासून बघता येईल अशी एक वस्तू होती, रंगासकट सांगितलेली. तिचा चेहरा सगळ्यांनी बघितला, जॅकेट शोधायला मुद्दाम कोणी गेलं नाही.

हॉलमधल्या तरुण मंडळींना मॅडलिन मॅकॅन जास्त ओळखीची असेल. ३ मे २००७, पोर्तुगालमधलं प्राया दा लुझ, चार वर्षांची व्हायला काही दिवस बाकी. आईबाप दोघे डॉक्टर, केट आणि जेरी, मुलांना खोलीत झोपवून जवळच जेवायला गेले, मधून मधून उठून बघून यायचे, रात्री दहाला केट गेली तर पलंग रिकामा. आता मुलांना एकटं ठेवलं हे चुकलंच, आणि तुम्ही मला विचाराल तर मीही ठेवली नसती. पण चूक वेगळी आणि गुन्हा वेगळा, लोकांनी मधली पायरीच गाळली. केट मुलीचं गुलाबी मांजर, कापडी खेळणं, हातात घेऊन फिरायची तर कॅमेऱ्यासाठी धरते, आणि मग ते धुतलं तर पुरावा धुतला. सप्टेंबर २००७ ला पोर्तुगीज पोलिसांनी दोघांना अधिकृत संशयित ठरवलं, जुलै २००८ ला ते मागे घेतलं, पुराव्याअभावी. त्याच वर्षी मार्चमध्ये एका ब्रिटिश पेपर समूहाने पहिल्या पानावर माफी छापून साडेपाच लाख पाउंड दिले, कारण महिनोन्महिने बिनबुडाचं छापलं होतं. बरं तिथेच राहणाऱ्या एका इंग्रज माणसावरही आधी असंच झालं होतं, शोधकामात फार पुढे पुढे करतो म्हणून, त्यालाही पेपरांनी पैसे दिले. म्हणजे रडला नाहीत तर संशय, मदत केलीत तर संशय.

२०२० ला जर्मन पोलिसांनी एका जर्मन गुन्हेगारावर बोट ठेवलं, आरोपपत्र मात्र झालेलं नाही, मुलगी सापडलेली नाही. आणि तरी मला आजही लोक भेटतात जे डोळे बारीक करून म्हणतात, अहो ते आईबापच. कशावरून? तर बघा ना त्यांच्याकडे.

इथे कोणीतरी आरुषीचं नाव काढणार, मला दिसतंय. ती केस हरवण्याची नव्हती, खुनाची होती, वेगळी आहे, मी त्यात शिरत नाही. एवढंच आठवून बघा की २००८ ला आईची टीव्हीवरची मुलाखत बघून आपण आपल्या सोफ्यावर काय बोललो होतो, आणि २०१७ ला अलाहाबाद हायकोर्टाने आईबाप दोघांना सोडलं तेव्हा त्यातलं किती परत घेतलं. मी नव्हतं घेतलं. मी सिडनीत बसून, हे सगळं वाचलेली बाई, म्हटलं होतं की हिचा आवाज इतका स्थिर कसा.

चेंबरलेनांना १९९२ मध्ये तेरा लाख डॉलर भरपाई मिळाली. पण अझारियाच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण अजून लागलं नव्हतं, १९९५ च्या तिसऱ्या चौकशीतही निर्णय मोकळाच ठेवला. दोघांचा तोवर घटस्फोट झालेला. दरम्यान २००१ ला फ्रेझर बेटावर डिंगोंनी नऊ वर्षांच्या मुलाला मारलं, तेव्हा कुठे लोक जरा गप्प झाले. चौथी चौकशी, १२ जून २०१२, डार्विन, कॉरोनर एलिझाबेथ मॉरिस. आदल्या दिवशी अझारिया बत्तीस वर्षांची झाली असती. निकाल वाचून झाल्यावर आईबापांशी बोलताना कॉरोनरबाईंचाच आवाज भरून आला. मग लिंडी आणि मायकल कोर्टाच्या बाहेर आले, हातात नवा दाखला धरून, त्यावर कारण लिहिलेलं, डिंगोच्या हल्ल्यात. मायकल २०१७ ला गेला.

बरं, चहा आलाय वाटतं. प्रश्न असतील तर विचारा. फक्त ती रडली का नाही हा सोडून.